नत्र फुकट नाही भाऊ, बटईनं आहे

मागच्या महिन्यात उमरेड रोडवरच्या एका लॉनवर चुलत बहिणीचं साक्षगंध होतं. जेवणात वडाभात होता, आणि आपल्याकडे पंगतीत वडाभात येईपर्यंत कोणी ना कोणी कशावरून तरी भांडतंच, यावेळी शेतीवरून भांडले. एकीकडे आमचे भाऊजी, भिवापूरकडे सात एकर वावर, काही वर्षांपासून नैसर्गिक शेती करून राहिले. दुसरीकडे काकाजी, त्यांचं कृषी केंद्र. भाऊजी म्हणाले, "काकाजी, हवेत ७८ टक्के नत्र आहे, सोयाबीन ते फुकटात खेचते, मंग तुमची युरियाची बोरी कायले पाहिजे?" काकाजींनी वड्यावर फोडणीचं तेल घेत घेत उत्तर दिलं, "जवाईबापू, देशानं युरिया बंद केला ना, तर मंग हवाच खावी लागन." झालं, हसले सगळे, दोन पार्ट्या पडल्या, आणि हेच भांडण मी त्यानंतर चहाच्या टपरीवर ऐकलं, बसमध्ये ऐकलं, फॅमिली ग्रुपवर तर रोजच चालू आहे. एक पार्टी म्हणते निसर्ग सगळं फुकट देतो, दुसरी म्हणते निसर्ग काहीच देत नाही, बोरीच देते.

माझं म्हणणं असं आहे की दोघांचीही गाडी त्या 'फुकट' शब्दावर रुतलेली आहे. तूर, हरभरा, सोयाबीन, भुईमूग यांच्या मुळांवर गाठी येतात, त्यात रायझोबियम गटातले जिवाणू राहतात, ते हवेतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, पिकाला देतात, हे शंभर टक्के खरं. पण तो सौदा आहे, आपल्या भाषेत सांगायचं तर बटई आहे. बटईत जमीन एकाची, मेहनत दुसऱ्याची, आणि शेवटी माल कोणाच्या घरी गेला यावर सगळं ठरतं. तेव्हा युरिया पाहिजे की नको हा प्रश्नच अर्धवट आहे. गाठीत तयार झालेलं नत्र शेवटी जाते कुठं, आणि ते वावरात ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे पैसे कोण देते, भांडायचं असेल तर यावर भांडा ना.

आधी हा सौदा कसा होतो ते पाहू, कारण फुकट म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गाठ कधी फोडून पाहिलेली नसते. पिकाला नत्राची चणचण असली की मुळं मातीत काही रसायनं सोडतात, एक प्रकारचं बोलावणंच. त्या पिकाचा जोडीदार जिवाणू तिथं असला तर तो उलट निरोप पाठवतो, मग मुळावरचा बारीक केस वळतो, जिवाणू त्यातून आत शिरतो आणि तिथं गाठ धरते. आणि बरं का, हे जोडीदार ठरलेले असतात, हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनच्या कामाचा नाही. आत गेल्यावर जिवाणूला पिकाकडून खायला मिळते, पानांनी उन्हात कमावलेल्या साखरेतला चांगला मोठा हिस्सा तिकडे जातो, कारण हवेतला नत्राचा रेणू तोडणं लय महाग काम आहे, एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चिल्लरीचे, किमान १६ रेणू खर्ची पडतात. त्यात अजून भानगड अशी की नत्र तोडणारं एन्झाइम ऑक्सिजन लागला की खराब होते, आणि जिवाणूला जगायला तर ऑक्सिजन पाहिजेच. म्हणून गाठीत एक लाल पदार्थ असतो, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद, तो ऑक्सिजन मोजूनमापून पोचवतो. चालू गाठ नखानं फोडली की आतून गुलाबी दिसते ती त्यामुळंच. पांढरी किंवा हिरवट दिसली तर समजायचं की खाऊन राहिली पण काम नाही.

आणि पीक काही भोळं नाही. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००३ मध्ये सोयाबीनवर एक प्रयोग छापला. काही गाठींभोवतीच्या हवेतलं नत्र काढून त्यांनी तिथं आर्गॉन भरला, म्हणजे जिवाणूला मनात असूनही काम करता येणार नाही. पिकानं काय केलं? त्या गाठींचा ऑक्सिजन आवळला, आणि तिथल्या जिवाणूंची संख्या इतर गाठींच्या मानानं बरीच कमी राहिली. कामचुकार बटईदाराचा हिस्सा कापला, सरळ हिशेब. ज्याला आपण निसर्गाचं दान म्हणून हात जोडतो तिथं आत एवढा कडक मुनीम बसलेला आहे.

ही भागीदारी शास्त्रज्ञांच्याही नजरेतून पन्नासेक वर्षं निसटली होती, आणि ती गोष्ट मला आजच्या भांडणासारखीच वाटते. फ्रान्समधल्या बुसँगोनं १८३८ मध्येच मोजून दाखवलं होतं की वाटाण्यात आणि क्लोव्हर नावाच्या चाऱ्यात नत्र वाढते, गव्हात वाढत नाही. मग इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८५७-५८ मध्ये अगदी काटेकोर प्रयोग केले, काचेच्या झाकणाखाली रोपं, आणि बाहेरून काही मिसळू नये म्हणून माती आधी भाजून घेतलेली. निष्कर्ष निघाला की कोणतंच पीक हवेतलं नत्र घेत नाही. मोजमाप बरोबर, माणसं प्रामाणिक, पण माती भाजली तेव्हा त्यातला जोडीदारच मेला होता ना! १८८६ मध्ये जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी साध्या रेतीच्या कुंड्यांत वाटाणे लावले, काही उपाशी मेले, काही टरारून आले, आणि टरारलेल्या सगळ्यांना गाठी होत्या. रेतीत मातीचं पाणी टाकलं की सगळे वाढायचे, तेच पाणी उकळून टाकलं की नाही. दोन वर्षांनी हॉलंडच्या बायरिंकनं गाठीतला जिवाणू वेगळा काढून दाखवला. काकाजींची पार्टी आज लॉज-गिल्बर्टसारखीच वागते, आधी बोरी ओतून भागीदारी बंद पाडायची आणि मग म्हणायचं, पाहा, गाठी काही करत नाहीत.

तरी काकाजींचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, त्यांच्या बाजूनं सगळ्यात मोठा पुरावा आहे तो आपल्या सगळ्यांचं पोट. १८९८ मध्ये इंग्लंडचे रसायनशास्त्रज्ञ सर विल्यम क्रुक्स यांनी ब्रिस्टलच्या भाषणात इशारा दिला होता की गहू खाणाऱ्या जगाला नत्र कमी पडणार. तेव्हा युरोप चिलीच्या वाळवंटातल्या सोऱ्यावर, म्हणजे नत्राच्या खनिजावर, जगत होता, ज्या वाळवंटासाठी चिली, पेरू आणि बोलिव्हिया आधीच लढून बसले होते. मग १९०९ मध्ये जर्मनीच्या हाबरनं प्रयोगशाळेत हवेतल्या नत्रापासून अमोनिया काढला, १९१३ मध्ये तिथल्याच ओप्पाऊला बॉशनं कारखाना चालू केला, चारपाचशे अंश तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब. आज जगातली जवळपास निम्मी माणसं त्या प्रक्रियेतून आलेल्या नत्रावर जेवतात. श्रीलंकेनं २०२१ मध्ये रासायनिक खतं एका फटक्यात बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली, तोवर भाताचं व्हायचं ते नुकसान झालंच. गहू आणि धान यांच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत, त्यांना नत्र बाहेरूनच द्यावं लागते, आणि तेवढं नत्र डाळवर्गीय पिकांतून काढायचं म्हटलं तर कितीतरी जमीन अडकून पडेल. भाऊजींकडे याला उत्तर नाही, माझ्याकडेही नाही.

पण गव्हाला युरिया लागतो म्हणून सोयाबीनलाही टाकायचा, हे कुठलं लॉजिक? पेरणीनंतर तीनेक आठवडे सोयाबीन जरा पिवळं दिसते, कारण बियाण्यातली शिदोरी संपलेली असते आणि गाठींचं काम अजून धड सुरू झालेलं नसते. त्याच वेळी काळ्या जमिनीत पाणी साचलं तर आणखी पिवळं. शेतकरी घाबरतो, दुकानात जातो, आणि ४५ किलोची बोरी २६६ रुपये ५० पैशाला मिळते, सरकारला ती कितीतरी पट महाग पडते पण शेतकऱ्याला त्याच्याशी काय घेणं. टाकतो. पानं हिरवी होतात, शेजारी विचारते काय टाकलं रे. आणि मुळाशी काय होते? मातीत आयतं नत्र मिळालं की पीक गाठींचा खर्च बंद करते. घरी स्वयंपाक होत असताना बाहेरून डबा सुरू केला तर चूल पेटवणार कोण? पेरताना थोडंसं नत्र देणं वेगळं, शिफारशीतही ते असते. पण पिवळं दिसलं की बोरी, ही सवय खताच्या स्वस्ताईनं लावलेली आहे, पिकानं काही ती मागितलेली नाही.

आता भाऊजी. त्यांचं खरं असलेलं आधी मान्य करतो, कारण शहरात बसून नैसर्गिक शेतीवाल्यांना वेडे म्हणायची फॅशन आहे आणि मला तिचा राग येतो. विदर्भात कर्ज काढून बी-खत-फवारणी करणाऱ्या माणसाचं काय होते हे आपण इतकी वर्षं पेपरात वाचलंय, ज्यांच्या घरात झालं त्यांनी भोगलंय. तिथं कोणी खर्च कमी करायचा रस्ता दाखवत असेल तर त्याला नुसतं सायन्स शिकवून चालत नाही. शिवाय भाऊजी धसकटं जाळत नाहीत, बांधावर हिरवळीच्या खताचं गिरिपुष्प आहे, तुरीची ओळ सोडत नाहीत, त्यांची माती हातात घेतली की फरक कळतो, मी घेतलीय. पण ते सगळं श्रेय जीवामृताला देतात आणि इथं माझं त्यांच्याशी पटत नाही. साधा हिशेब करा. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो बेसन, २ किलो गूळ. शेणातलं, मूत्रातलं आणि बेसनातलं मिळून नत्र पाव किलोच्या आसपास भरते. ते एकराला टाकायचं. पिकाची गरज तर किलोंमध्ये, तीही दोन आकडी. यावर ते म्हणतात ते खत नाहीच, ते विरजण आहे. ठीक, विरजण. पण कशाचं? शेणात जे जिवाणू असतात ते गाईच्या पोटातले, सोयाबीनच्या गाठीतला जिवाणू गाईच्या पोटात राहत नाही. इडलीच्या पिठात दह्याचं विरजण टाकून बासुंदी होईल का?

आणि मुख्य मुद्दा, जो दोन्ही पार्ट्या टाळतात, तो म्हणजे सोयाबीन जमिनीत नत्र सोडून जाते ही समजूत. एकरी ८ क्विंटल सोयाबीन धरा. दाण्यात ४० टक्क्यांच्या जवळपास प्रथिनं, प्रथिनांत साधारण सहाव्या हिश्शाएवढं नत्र, म्हणजे कळमन्याच्या बाजारात जाणाऱ्या त्या ८ क्विंटलमध्ये ४५ ते ५० किलो नत्र बसलेलं असते. युरियाच्या एका बोरीत पावणेएकवीस किलो. म्हणजे गाडीत सोयाबीनसोबत सव्वादोन बोऱ्या युरियाएवढं नत्र वावराबाहेर चाललंय. पूर्ण पिकाला लागलं साधारण ६५ किलो, त्यातलं निम्मं किंवा निम्म्याहून थोडं जास्त हवेतून आलं, म्हणजे ३२ ते ३८ किलो, बाकी मातीतून. आता वजाबाकी तुम्हीच करा. हवेतून आलं त्यापेक्षा जास्त दाण्यात निघून गेलं. गाठींनी काम चोख केलं, तरी वावर कर्जातच. वरून कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, तेही विकलं तर आणखी पाच-सात किलो गेलं. जमिनीवर गळलेला पाला आणि मुळं राहतात, तेवढाच दिलासा.

इथं मला जुना कापूस आठवतो, आणि हे म्हणताना मला कल्पना आहे की कापसाचं कौतुक करणारा विदर्भात मूर्ख ठरतो. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, इकडे भाव चढले, १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात आली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल उभी राहिली, आणि वऱ्हाड-नागपूरच्या जमिनी कापसाखाली गेल्या. लूट झाली का? झाली. पण एक बारीक गोष्ट पाहा. रुई म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज, हवा-पाणी-उन्हाचा माल, तिच्यात नत्र नावाला. नत्र सगळं सरकीत. जिनिंगमध्ये सरकी वेगळी निघाली की तिच्यातली बरीचशी बैला-म्हशींच्या दावणीत जायची, नंतरच्या काळात ढेप म्हणून, आणि शेणातून वावरात परत. मँचेस्टरला गेला तो विदर्भाचा घाम, विदर्भाचं नत्र तेवढं गेलं नाही. सोयाबीनचं एकदम उलटं. ऐंशी-नव्वदच्या दशकात ते पसरलं, मूग-उडीद आणि ज्वारी मागं सरली, दाणा मिलमध्ये गेला, तेलात नत्र नसतेच, सगळं नत्र डीओसीत, म्हणजे तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीत, आणि ती डीओसी कोंबड्यांच्या खाद्यात किंवा जहाजात. बैल तर गेलेच, ट्रॅक्टर काही शेण देत नाही. कापूस खादाड पीक आणि सोयाबीन जमीन सुधारणारं, असं शाळेत शिकलेलं वाक्य दोन्हीकडून तपासून पाहायची वेळ आली आहे की नाही?

मग गाठीवाली पिकं बेकार का? अजिबात नाही. आपल्या लोकांकडे यासाठी एक फार सुंदर शब्द होता, बेवड. आधीचं पीक जमीन कशी करून गेलं ते बेवड. हरभऱ्याचं बेवड, तुरीचं बेवड, म्हाताऱ्या माणसांना बरोबर माहीत असायचं कशावर काय पेरायचं. तूर कापसाच्या ओळींमध्ये सहा-सात महिने उभी राहते, खोल जाते, आणि सोंगणीच्या आधी भरपूर पाला टाकते, तो पाला म्हणजेच बटईतला जमिनीचा हिस्सा. भंडारा-गोंदियाकडे धान कापायच्या आधी ओल्या बांधीत लाखोळीच्या डाळीचं बी फेकतात, ना नांगर ना खत, उरलेल्या ओलीवर पीक येते. यात परंपरेचं गुणगान करायचा माझा इरादा नाही, त्या काळात उत्पादन कमी होतं आणि लोक उपाशीही राहायचे. पण नत्र वावरात कसं ठेवायचं हे त्यांना कळत होतं आणि आपण ते विसरलो.

विसरलो कारण विसरण्याचे पैसे मिळतात. अनुदान बोरीवर आहे. जेवढ्या बोऱ्या उचलाल तेवढा सरकारचा पैसा तुमच्यापर्यंत पोचला. तूर लावून, पाला जिरवून पुढच्या पिकाची बोरी वाचवली, तर त्या वाचलेल्या बोरीचं अनुदान शेतकऱ्याला मिळते का? एक रुपया नाही. उलट २०१६-१७ मध्ये लोकांनी सांगितल्याप्रमाणं तूर लावली, पाऊसही बरा झाला, ५,०५० रुपये हमीभाव जाहीर, आणि खरेदी केंद्रांवर बारदाना संपलेला, बैलगाड्या-ट्रॅक्टरांच्या रांगा, बाजारात त्याहून कितीतरी कमी भाव. त्या वर्षी तुरीच्या गाठींनी आपलं काम केलं होतं. खरेदी करणाऱ्यांनी आपलं केलं नाही, त्यांच्या गाठी कोणी फोडून पाहिल्या? जो माणूस त्या रांगेत चार दिवस उभा राहिला त्याला जाऊन सांगा बेवड चांगलं होते म्हणून, पाहा काय म्हणतो ते.

काहीजण म्हणतील एवढं कशाला, रायझोबियम कल्चर मिळतेच की, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं, सावलीत सुकवायचं, पेरायचं. बरोबर आहे, मी स्वतः चोळतो. पण त्या पाकिटात जिवंत जिवाणू असतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशात टिनाच्या शेडखाली ते बोऱ्यांसोबत पडलेलं मी पाहिलंय. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "काही होत नाही जी, एक्स्पायरी बाकी आहे." त्यात बुरशीनाशक आणि कल्चर एकाच बादलीत कालवणारे आपणच. गाठी आल्या नाहीत की कल्चर बोगस. आणि गाठी आल्या की नाही हे पाहते तरी कोण? नागपुरात अमरावती रोडवर जमिनीचा सर्व्हे करणारी राष्ट्रीय संस्था आहे, वर्धा रोडवर कापसाची आहे, महाराजबागेत १९०६ पासूनचं कृषी महाविद्यालय आहे. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका आली, त्यावर १२ गोष्टी छापून येतात, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, सामू वगैरे. गाठींचा जिवाणू मातीत आहे की नाही, याचा रकानाच नाही त्यात. लॉज-गिल्बर्टनी जोडीदार भाजून टाकला होता, आपण त्याचा रकाना ठेवला नाही.

माझी मागणी मोठी नाही. कडधान्याची खरेदी बोलल्याप्रमाणं करा. बोरीवरचा पैसा हळूहळू एकराकडे वळवा, म्हणजे जो तूर-हरभरा फेरपालटीत घेतो आणि पाला-कुटार वावरात ठेवतो त्याला त्याचं मोल मिळेल, आणि गव्हा-धानाला ज्याला युरिया लागतो त्याचाही हात मोकळा राहील. श्रीलंकेसारखं एका रात्रीत नको, पाच-दहा वर्षं लागू द्या. काकाजींना हे मी फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे माह्यं दुकान बंद करतं का तू?" भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, "तू शेवटी युरियावालाच."

पेरणीला चाळीस दिवस झाले तेव्हा आम्ही भाऊजींच्याच वावरात गेलो होतो, मी चार सोयाबीन उपटले, मुळं धुतली, नखानं गाठी फोडल्या. तीन झाडं गुलाबी, एक पांढरं. पांढरं निघालं ते पाणी साचते त्या खोलगट भागातलं. भाऊजी थोडे गप्प झाले, मग म्हणाले पुढच्या वर्षी तिथं चर काढतो. आता काढणी झाली, मळणी झाली, ढीग लागलाय, आणि काल त्यांचा फोन आला की कुटारवाला रोख पैसे घेऊन दारात उभा आहे, देऊ का. मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे. मी सव्वादोन बोऱ्यांचा हिशेब सांगायला तोंड उघडलं होतं, पण म्हटलं, "भाऊजी, अर्धं द्या, अर्धं ठेवा." ते म्हणाले, "पाहतो."